रोव्हरचा वेग, रुतलेली चाकं आणि टेपने मोजलेलं अंतर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘आमच्या टीमचा रोव्हर कॉलेजचं ग्राउंड दोन मिनिटांत पार करतो. मग मंगळावरचा नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर इतका हळू का? सिग्नल पोचायला वेळ लागतो हे माहीत आहे, पण मग चांगला एआय बसवून त्याला मोकळं का सोडत नाहीत? पुढच्या स्पर्धेसाठी आम्ही मोटर बदलून वेग दुप्पट करणार आहोत, ते बरोबर ठरेल का?’

मी सोळा वर्षं चाकांवर चालणाऱ्या रोव्हरच्या दिशादर्शनावर काम करते. मंगळावर गेलेला कुठलाही रोव्हर मी चालवलेला नाही. माझं काम पृथ्वीवरच्या चाचणीच्या मैदानातलं आहे. वाळू, मुरूम, क्रशरची कच आणि खडी यांच्यावर चाकं कशी वागतात ते पाहणं आणि ते रोव्हरला ओळखायला शिकवणं. त्यामुळे मंगळाबद्दल जे लिहिते आहे ते प्रसिद्ध माहितीवरून, आणि चाकांबद्दल जे लिहिते आहे ते गुडघे टेकून केलेल्या कामावरून.

आधी एक हिशोब करू. क्युरिऑसिटी ऑगस्ट 2012 मध्ये गेल विवरात उतरला. पहिल्या 13 वर्षांत तो सुमारे 35 किलोमीटर चालला. सपाट, टणक जमिनीवर त्याचा कमाल वेग सेकंदाला साधारण 4 सेंटिमीटर आहे. आता 35 किलोमीटरला 4 सेंटिमीटरने भागा. पावणेनऊ लाख सेकंद येतात, म्हणजे जेमतेम दहा दिवस. कमाल वेगाने सलग चालला असता, तर 13 वर्षांचा प्रवास दहा दिवसांत उरकला असता. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कमाल वेगाने चालत नाही, त्यामुळे चाकं फिरण्याचा खरा वेळ याहून बराच जास्त आहे. तरी 13 वर्षांच्या मानाने तो थोडकाच. त्याला दुप्पट वेगाची मोटर दिली असती तर या हिशोबाने पाच दिवस वाचले असते. 13 वर्षांत पाच दिवस.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. चाकं हळू का फिरतात, यापेक्षा ती बराच काळ थांबलेली का असतात, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर मोटरमध्ये सापडणार नाही.

सिग्नलच्या उशिराचं कारण सगळेच सांगतात आणि ते खरं आहे, पण अर्धवट आहे. मंगळ कुठे आहे त्यानुसार रेडिओलहरींना एका बाजूने साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. मंगळ सर्वांत लांब असताना तुम्ही जॉयस्टिक हातात घेऊन बसलात, तर पडद्यावर दिसणारा दगड 22 मिनिटांपूर्वीचा असेल आणि तुमचा ब्रेक आणखी 22 मिनिटांनी पोचेल. या 44 मिनिटांत 4 सेंटिमीटरच्या संथ वेगानेही रोव्हर शंभर मीटर पुढे गेलेला असेल. तेव्हा जॉयस्टिक बाद. पण फक्त हा उशीर असता, तर दिवसाला दहा-पंधरा वेळा तरी निरोपांची देवाणघेवाण झाली असती. तेवढी होत नाही. रोव्हरची बहुतेक छायाचित्रं मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत येतात आणि ती यानं दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातात. म्हणून ठरलेला क्रम असा: मंगळावर सकाळ झाली की दिवसभराच्या कमांड एकदम पाठवायच्या, रोव्हरने त्या पार पाडायच्या, दुपारनंतर छायाचित्रं वर पाठवायची, आणि तिथे रात्र असताना इथल्या लोकांनी ती पाहून उद्याचं ठरवायचं.

यातही एक गुंता आहे. मंगळाचा दिवस, ज्याला सोल म्हणतात, 24 तास 39 मिनिटांचा असतो. त्यामुळे रोव्हरची संध्याकाळ आपल्या घड्याळात रोज चाळीस मिनिटं पुढे सरकते. मोहिमेच्या सुरुवातीचे काही महिने टीम मंगळाच्या वेळेने जगते, पण माणसं वर्षानुवर्षं तसं जगू शकत नाहीत. नेहमीच्या कार्यालयीन वेळा सुरू झाल्या की काही दिवस असे येतात, की कालच्या प्रवासाची छायाचित्रं पोचण्याआधीच पुढची योजना पाठवावी लागते. रोव्हर नेमका कुठे उभा आहे हे माहीत नसताना त्याला चालवायचं कसं? मग त्या सोलला तो उभा राहतो आणि आजूबाजूचं निरीक्षण करतो.

विजेबद्दल थोडक्यात. क्युरिऑसिटीच्या किरणोत्सारी बॅटरीने सुरुवातीला सुमारे 110 वॅट वीज दिली, म्हणजे घरातल्या दीड पंख्याएवढी. ती दिवसरात्र दुसऱ्या बॅटरीत साठवत राहायची आणि चालताना खर्च करायची. शिवाय मंगळावरच्या थंडीत मोटर आणि गिअरमधलं वंगण घट्ट झालेलं असतं. ते आधी हिटरने गरम करावं लागतं, त्यातही वीज जाते.

आता हे सगळं बाजूला ठेवून एक उलटं उदाहरण घ्या, कारण उशीर हेच मुख्य कारण असतं तर चंद्रावर ही अडचण यायला नको होती. चंद्राला सिग्नल जाऊन यायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. सोव्हिएत संघाचा लुनोखोद 2 जानेवारी 1973 मध्ये चंद्रावर उतरला. जमिनीवर बसलेली पाच जणांची तुकडी टीव्हीवर एकामागून एक येणारी चित्रं बघत तो चालवायची. चार महिन्यांत तो 39 किलोमीटर गेला. मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरला मॅरेथॉनएवढं, म्हणजे 42.195 किलोमीटर अंतर कापायला 11 वर्षं आणि 2 महिने लागले. इथपर्यंत उशिराचं कारण पटतं.

पण आपला प्रज्ञान पाहा. तोही चंद्रावरच होता. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान 3 उतरलं, 2 सप्टेंबरला प्रज्ञानला झोपवलं, आणि या दहा दिवसांत तो शंभर मीटरच्या थोडं वर चालला. त्याच्या हातात चंद्राचा एकच दिवस (आपले सुमारे 14 दिवस) होता, घाई करायला पुरेपूर कारण होतं. तरीही कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून पुढच्या सुमारे पाच मीटर जमिनीचाच उंचसखलपणा नीट कळायचा, म्हणून एका कमांडमध्ये तेवढंच चालायचं. 27 ऑगस्टला त्याच्यासमोर चार मीटर व्यासाचा खड्डा आला तेव्हा तो तीन मीटरवर होता. खड्डा वेळेत दिसला आणि त्याला मागे वळवता आलं.

माझ्या दृष्टीने सगळं काही या पाच मीटरांत आहे. पुढच्या जमिनीबद्दल जेवढी खात्री, तेवढंच पाऊल. लुनोखोद सुमारे 840 किलोंचा, आठ चाकांचा होता, आणि त्याला चालवणारी माणसं धोका पत्करत वेगाने निर्णय घेत होती. शेवटी मे 1973 मध्ये तो एका विवरात उतरला, त्याचं उघडं झाकण कडेला घासून त्यात माती भरली, ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर पडली, आणि यंत्र तापून बंद पडलं, असं सांगितलं जातं. कुठली पद्धत बरोबर, हे तुमचं उद्दिष्ट काय यावर ठरतं. लांबचा प्रदेश पालथा घालायचा असेल तर धोका घेणं योग्य ठरू शकतं. एकाच डोंगराचे थर वाचायला वर्षानुवर्षं जगायचं असेल तर नाही.

आता रुतण्याकडे येते, कारण माझ्या कामाचा बहुतेक भाग तोच आहे.

एप्रिल 2005 मध्ये ऑपर्च्युनिटीला सपाट दिसणाऱ्या वाळूच्या लाटांवरून सुमारे 90 मीटर चालायची कमांड दिली होती. असा प्रवास त्याने आधीही केला होता. चाळीस-एक मीटर ठीक गेले. मग एका छोट्या लाटेत चाकं रुतली. रोव्हरला ते कळलं नाही. चाकं किती फिरली हे तो मोजत होता, आणि चाकं तर फिरतच होती. त्याच्या हिशोबाने तो पुढे चालला होता, प्रत्यक्षात जागच्या जागी स्वतःचा खड्डा खणत होता. उरलेल्या पन्नास मीटरांएवढे फेरे पूर्ण झाल्यावर तो काम संपल्यासारखा थांबला. बाहेर काढायला पाच आठवडे लागले. त्यासाठी चाकं सुमारे 190 मीटर चालता येईल इतकी फिरवली आणि रोव्हर सरकला मीटरभरसुद्धा नाही. त्या लाटेला टीमने पर्गेटरी असं नाव दिलं. त्यानंतर तशा जमिनीवर दर काही मीटरांनी थांबून ‘मी खरंच सरकलो का’ हे तपासायची पद्धत पडली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण आमच्याकडेही तेच झालं होतं. आम्ही चाचणीच्या हौदात वरून कोरडी, खालून भुसभुशीत अशी बारीक वाळू भरली होती. रोव्हरच्या एन्कोडरने, म्हणजे चाकांचे फेरे मोजणाऱ्या उपकरणाने, सांगितलं 3 मीटर 20 सेंटिमीटर. टेप लावून पाहिलं तर 40 सेंटिमीटर. रोव्हरच्या लेखी वाटेतला दगड मागे पडला होता, म्हणून त्याने ठरल्याप्रमाणे हात लांब केला आणि तो सरळ दगडावर आपटला. हाताचा सांधा वाकला. तो हौद मीच भरलेला होता आणि स्लिप, म्हणजे चाकं जागीच घसरणं, तपासायचा कोड ‘पुढच्या आठवड्यात’ लिहायचा असं मीच ठरवलं होतं. तेव्हापासून आमच्या मैदानात प्रत्येक चाचणीनंतर टेप लागतो, कितीही कंटाळा आला तरी.

चाकांवर विश्वास ठेवता येत नसेल तर ठेवायचा कशावर? डोळ्यांवर. रोव्हर थोडं चालण्याआधी आणि नंतर छायाचित्र घेतो, दोन्हींतले तेच ते खडे आणि भेगा ओळखतो, आणि त्या किती सरकल्या यावरून स्वतः किती सरकला हे काढतो. याला व्हिज्युअल ओडोमेट्री म्हणतात. ही पद्धत उत्तम आहे, पण तिला ओळखीच्या खुणा लागतात. हौदातली वाळू दर चाचणीआधी फळी फिरवून गुळगुळीत करायची आमची सवय होती. त्या गुळगुळीत वाळूवर कॅमेऱ्याला धरायला एकही खूण मिळेना आणि आकडे वेडेवाकडे येऊ लागले. शेवटी कॅमेरा मागे वळवून आम्ही स्वतःच्याच चाकांच्या उमटलेल्या रांगांवर मोजमाप घेतलं, तेव्हा ते जमलं. क्युरिऑसिटीच्या चाकांवर मुद्दाम ठेवलेली भोकं आठवतात का? ती वाळूत मोर्स लिपीत त्याला बनवणाऱ्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं उमटवतात. लोकांना ती गंमत वाटते, पण ओसाड वाळूतही मोजायला खूण मिळावी हा त्यांचा खरा उपयोग आहे.

खुणा नसल्या की काय होतं याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण मंगळावर पर्सिव्हिअरन्स रोव्हरबरोबर गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचं आहे. तुमच्या एआयच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून सांगते. पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मुख्य संगणकाचा प्रोसेसर 200 मेगाहर्ट्झचा आहे. तुमच्या खिशातला फोन त्याच्या कितीतरी पुढे आहे. किरणोत्सर्गात वर्षानुवर्षं न चुकता चालेल याची खात्री देणारे प्रोसेसर जुने आणि संथ असतात, आणि अब्जावधी डॉलरची मोहीम खात्री नसलेल्या चिपवर कोणी सोपवत नाही. हेलिकॉप्टर मात्र प्रयोग म्हणून गेलं होतं, त्यामुळे त्यात मोबाईल फोनमधला प्रोसेसर बसवता आला. ते पाच उड्डाणांसाठी बनवलं होतं, 72 वेळा उडालं. जानेवारी 2024 मध्ये शेवटच्या उड्डाणात खाली जवळजवळ सपाट, खुणा नसलेली वाळू होती. आपण किती वेगाने सरकतो आहोत हे त्याला नीट कळेना, उतरताना पाती मोडली. हुशारी भरपूर होती, पाहायला आधार नव्हता.

तरी ‘मोकळं सोडा’ हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि तसं आता होतही आहे. क्युरिऑसिटी स्वतः मार्ग काढायचा तेव्हा थांबून छायाचित्र घ्यायचा, विचार करायचा, थोडं चालायचा, पुन्हा थांबायचा. पर्सिव्हिअरन्सला चित्रांवर काम करणारा वेगळा संगणक दिला आहे, त्यामुळे तो चालता चालताच विचार करतो. त्याची चाकं जवळपास त्याच वेगाने फिरतात, फक्त मधले थांबे गेले. तेवढ्याने किती फरक पडला पाहा: पहिल्या मंगळवर्षात (आपली जवळपास दोन वर्षं) कापलेल्या 17.7 किलोमीटरपैकी 88 टक्के अंतर त्याने माणसाने वाट तपासून न देता, स्वतःच्या नजरेवर कापलं. 2025 मध्ये एका सोलमध्ये 400 मीटरांहून जास्त चालला. मोटर बदलून हे झालेलं नाही.

मात्र कॅमेऱ्याला आकार दिसतो, जमिनीची ताकद दिसत नाही. मोठा दगड टाळता येतो. वरून टणक पापुद्रा आणि खाली पिठासारखी माती असेल तर तो फसवतो. 2009 मध्ये मंगळावरचा स्पिरिट रोव्हर तशाच पापुद्र्यातून खाली रुतला. पृथ्वीवर टीमने बारीक पावडरी मिसळून तशीच माती तयार केली, तिच्यात दुसरा रोव्हर रुतवून महिनोन्महिने सुटकेचे प्रयोग केले. स्पिरिट सुटला नाही. हिवाळ्यात सौर पट्ट्या सूर्याकडे कलत्या करता येईनात, आणि मार्च 2010 नंतर त्याचा आवाज आला नाही. त्याआधीची तीन वर्षं तो पुढचं उजवं चाक निकामी झाल्यामुळे उलटा चालत होता, ते चाक फरफटत. त्या फरफटीने वरची माती खरवडली गेली आणि 2007 मध्ये खालून पांढरी, जवळजवळ शुद्ध सिलिका उघडी पडली, जी तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असल्याची खूण मानली जाते. वेगाने निघून गेलेल्या रोव्हरला मागे वळून ते पांढरं पाहायला कदाचित कोणी लावलंही नसतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: रोव्हर थांबतो कारण दिवसाला एखादाच निरोप मिळतो, कारण वीज थोडी असते, आणि सर्वांत जास्त म्हणजे पुढची जमीन आणि स्वतःची जागा यांबद्दल त्याची खात्री थोडी असते. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर तुम्ही कॉलेजातही काम करू शकता.

तेव्हा मोटर बदलावी का? स्पर्धेवर अवलंबून आहे. जिथे माणूस कॅमेऱ्यातून बघत रिमोटने चालवतो आणि वेळेला गुण आहेत, तिथे वेगाचा फायदा होतो, हे मी नाकारणार नाही. स्वयंचलित फेरीत मात्र दुप्पट वेगाने चुकीच्या जागी पोचाल. शिवाय जास्त वेगाची मोटर म्हणजे गिअर रेशो बदलणं, आणि त्यात टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, गेला तर चढावर आणि मुरमात तुमचा रोव्हर आताच्यापेक्षा आधी अडकेल. मी तुमच्या जागी असते तर ते पैसे चांगल्या स्टिरिओ कॅमेऱ्यावर (दोन डोळ्यांसारखा अंतर ओळखणारा) आणि चाकांच्या कडांवर, म्हणजे जमीन पकडणाऱ्या उंच पट्ट्यांवर, घातले असते. क्युरिऑसिटीच्या चाकांचा अॅल्युमिनियमचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा आहे, टोकदार दगडांनी त्याला वर्ष-सव्वा वर्षातच भोकं पडू लागली. पर्सिव्हिअरन्सला जाड पत्रा आणि 24 ऐवजी 48 कडा दिल्या. यातून शिकण्यासारखं भरपूर आहे.

चाचणी कॉलेजच्या ग्राउंडवर करू नका, ते टणक आहे, तिथे सगळेच रोव्हर चांगले चालतात. जवळच्या क्रशरवरून एक ट्रॉली कच आणा आणि थोडा मुरूम. सहा इंच जाडीचा थर पसरा, एका बाजूला पंधरा अंशांचा उतार करा, आणि फळी फिरवू नका. दुसऱ्या एखाद्या जागी फक्त कच ठेवून तिच्यावर पाणी शिंपडा आणि सुकू द्या, वर पापुद्रा धरेल. तिथे रोव्हर आधी रुतवा, मुद्दाम. मग दोन आकडे एका वहीत लिहा: एन्कोडरने सांगितलेलं अंतर आणि टेपने मोजलेलं अंतर. प्रत्येक जमिनीवर किमान दहा वेळा. आणखी एक, मंगळावर वजन पृथ्वीच्या 38 टक्केच भरतं, म्हणून क्युरिऑसिटीच्या टीमने चाकांच्या चाचणीसाठी मेंदूच, म्हणजे संगणकच, काढून टाकलेला, हलका रोव्हर बनवला, म्हणजे चाकांवर मंगळावरच्याएवढाच भार येईल. तुम्हाला स्पर्धा पृथ्वीवरच खेळायची आहे, तेव्हा उलट करा: हात, बॅटरी, नमुन्यांचा डबा, सगळं चढवूनच मोजा. रिकाम्या सांगाड्यावरचे आकडे निरुपयोगी असतात.

त्या दोन रकान्यांमधला फरक उतारावर वीस टक्क्यांच्या आत आला तर मोटरबद्दल पुन्हा विचारा, मी गिअर रेशोसकट हिशोब करून देईन. नाही आला, तर वहीतले आकडे, जमीन कोणती होती आणि चाकाचा फोटो पाठवा. आधी ते चाक बघू.